मंडळाच्या कॅमेऱ्यासाठी पातूरपर्यंत

पुण्यात कुणाला कॅमेरा बदलायचा असला की तो दुकानात जातो. मला त्यासाठी अमरावती, तिवसा, अकोला आणि पातूर एवढी वाट तुडवावी लागली. कारण कॉलेजपासून माझ्या गळ्यात लटकणारा कॅमेरा माझा नाहीच. तो एका मंडळाचा आहे. त्या मंडळात आता चार माणसं उरली आहेत, आणि त्या चौघांनी एका जागी बसून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत 'हो' म्हटल्याशिवाय तो विकता येत नाही. फोनवरचं 'हो' चालत नाही. बहुमत तर मंडळाने कधी मानलंच नाही. एकाने 'नाही' म्हटलं की विषय तिथेच थांबतो.

वऱ्हाड म्हटलं की इकडच्या वाचकांना एकच चित्र दिसतं, आणि त्या चित्रातली माणसं कायम कपाळाला हात लावून बसलेली असतात. तेच चित्र ज्यांना हवं असेल त्यांची इथे निराशा होईल. मला या पौषात भेटलेली माणसं बहुतेक वेळ भांडत होती, आणि उरलेला वेळ मला जेवायला वाढत होती.

अमरावती

घरी पोचले तेव्हा बाबा अंगणात उन्हाला पाठ देऊन बसले होते. बाबा निवृत्त शिक्षक. मफलर दिवाळीला बांधतात, होळीला सोडतात. माझी पिशवी खाली ठेवायच्या आत ते मला गिला वडा खायला बाहेर घेऊन गेले. पुण्याचा दहीवडा गोड आणि सभ्य असतो. अमरावतीचा गिला वडा दह्यात आणि तिखट चटणीत असा बुडलेला असतो की पहिल्या घासाला नाक वाहतं आणि दुसऱ्याला आपण घरी आलोय हे पटतं.

माझं बालपण पत्रकांवर गेलं, हे शब्दशः खरं आहे. ओल्या शाईची पत्रकं आमच्या मधल्या खोलीत दोरीवर वाळत असायची आणि खाली सतरंजीवर मी झोपलेली असायची. इतर मुली पाटीवर 'कमळ' गिरवत होत्या तेव्हा मला 'निषेध' वाचता येत होतं. बाबा, सुमनमावशी, शफीकचाचा, दादारावकाका आणि आता नसलेले आणखी काही जण मिळून हे मंडळ चालवायचे. विहिरीवर कोण पाणी भरू देत नाही, रेशनचं धान्य कुठे मुरतं, बायांना पुरुषांपेक्षा कमी मजुरी का, असल्या विषयांवर पत्रकं काढायची आणि बाजाराच्या दिवशी हातोहात वाटायची. लोकांनी त्यांचं नाव 'पत्रकवाले' ठेवलं होतं.

मी शाळेत असताना मंडळाने ठरवलं की पत्रकात फोटो हवेत. सगळ्यांनी वर्गणी काढली आणि कॅमेरा आला. सोबत दोन नियमही आले. काम करणाऱ्या माणसाला फोटोसाठी थांबवायचं नाही. आणि विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. नियम उत्तम होते, आजही मला ते मान्य आहेत. पण त्यांचा परिणाम काय झाला? वावरात काम चालू असताना विचारायला गेलं तर काम थांबतं, म्हणून विचारायचं ते फक्त दुपारच्या सुट्टीत. त्यामुळे मंडळाने कापूस वेचणाऱ्या बायांचे जेवढे फोटो काढले, त्या सगळ्यांत बाया झाडाखाली जेवत बसलेल्या आहेत. बाजारातला एक अडत्या बाबांना भर रस्त्यात म्हणायचा, "काय गुरुजी, पत्रकात मजुरीच्या नावानं बोंब, अन् फोटोत रोज पंगत!"

लोक हसायचे. मलाही हसू यायचं. पण मोठी झाल्यावर कळलं की त्या अडत्याने आमच्या वर्मावर बोट ठेवलं होतं. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. पहाटेच्या अंधारात घरून निघून वावरापर्यंत जाणं आणि दिवस बुडाल्यावर परत येणं, हे कुठल्याच किलोत मोजलं जात नाही. त्या येण्याजाण्यावर मी एक पुस्तिका लिहायला घेतली आहे. शिवाय वाटेत बाया मोकळ्या असतात, त्यांना विचारता येतं, काम थांबत नाही. अडचण एकच, तेव्हा उजेड नसतो. मंडळाचा कॅमेरा अशा वेळी आंधळा होतो. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, वाढवला की फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे उठतात, शटर सावकाश केलं की चालणाऱ्या बायांचा धूर होतो.

नवे कॅमेरे अंधारात बघतात. माझी एक मैत्रीण लग्नांचे फोटो काढते, तिच्याकडून तसा एक मी या प्रवासापुरता मागून आणला होता. तो वापरून बघायचा, पटला तर मंडळाचा कॅमेरा लेन्ससकट देऊन, लेखांच्या साठवलेल्या मानधनाची भर घालून तसाच घ्यायचा, असा माझा बेत होता. नवा अर्थातच माझा असणार होता. त्यात गैर काही आहे असं मला वाटलं नव्हतं. मात्र एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. छपाईचं यंत्र भंगारात गेलं, भाड्याची खोली सुटली. मंडळाच्या मालकीची आता ही एकच वस्तू होती.

रात्रीच्या जेवणाआधी मी बाबांपुढे विषय काढला. रेल्वेत अख्खं भाषण तयार केलं होतं. बाजार आपल्याला दर वर्षी नवं यंत्र का विकतो इथून सुरुवात होती.

"घे बदलून," बाबा म्हणाले.

"बाबा, मी अजून कारणं सांगितली नाहीत."

"कारनं बैठकीत सांगशीन. मले भूक लागली."

मला राग आला. ज्या माणसाने एका स्वल्पविरामासाठी शफीकचाचांशी अबोला धरला होता, तो इतक्या सहज हो म्हणतो?

भाकर मोडता मोडता ते म्हणाले, "पन आधी सर्व्यायले भेटून ये. दादाराव बैठकीत पयल्यांदा ऐकला तं नाहीच म्हनते. बैठक त्याच्याच वावरात घेऊ. आमी येतो पातुरले."

"तुमचे गुडघे?"

"बैठकीले गुडघे कायले लागतेत?"

तिवस्याच्या पुढे

सुमनमावशी माझी सख्खी मावशी नाही. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता तिवस्यापुढच्या तिच्या गावी राहते. पत्रकं वाटायला लहानपणी मी तिचंच बोट धरून जायची. ती एका हाताने पत्रक द्यायची आणि दुसऱ्या हाताने समोरच्याच्या पोराचे डोळे, जीभ तपासायची. घेणाऱ्याला वाटायचं, पत्रक म्हणजे औषधाची चिठ्ठी आहे.

पहाटे तिने मला उठवलं. बाहेर धुई पडली होती. धुई म्हणजे आमच्याकडचं जमिनीला धरून बसणारं धुकं. त्यात तुरीची उभी पिकं कमरेपर्यंत बुडालेली दिसतात आणि शेंड्यांवरून दव टपटपत असतं. गावाबाहेरच्या फाट्यावर बाया येऊन उभ्या होत्या. डोक्याला फडकी, अंगात नवऱ्यांचे जुने फुल शर्ट, हातात डबे. ऑटो अजून यायचा होता. मी जवळ जाऊन विचारलं, "फोटो काढू का?"

पुढची बाई मला निरखत राहिली. मग म्हणाली, "तू गुरुजीची पोट्टी व्हय ना? पत्रकवाल्याची?"

"हो."

"मंग बाई, जेवाच्या वक्ती ये ना! आता काय काढतं, डबे तं बंद हायेत."

सगळ्या हसल्या. तिचं नाव कांताबाई. मी तिला सांगितलं की मला जेवणाचा नको, जाण्याचाच हवाय. तिला ते काही फारसं पटलं नाही, पण "काढ बापा, अंधारात तेवढीच सुंदर दिसीन," असं म्हणून तिने परवानगी दिली. बाकीच्यांनीही दिली.

आधी मंडळाच्या कॅमेऱ्याने काढले. मग त्याच जागेवरून मैत्रिणीच्या. मंडळाच्या कॅमेऱ्यात काळ्यावर काळे डाग होते, आणि एक पांढरा पट्टा, तो बहुधा कांताबाईचा शर्ट. दुसऱ्यात चेहरे होते. एक जण जांभई देत होती, एक दुसरीच्या खांद्यावर डोकं ठेवून उभ्या उभ्या झोपली होती, कांताबाई हसत होती. एवढ्या वर्षांत मंडळाने जे सांगायचा प्रयत्न केला ते त्या एका फोटोत होतं. ऑटो आला, बाया एकमेकींच्या मांडीवर बसून त्यात मावल्या, आणि धुईत दिसेनाशा झाल्या.

घरी परतले ती थेट चुलीजवळ. मावशीने तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडायला ठेवल्या होत्या, खोली वाफेने भरली होती. बाहेरच्या गारठ्यातून आलेल्या दोन्ही कॅमेऱ्यांच्या काचांवर क्षणात घाम सुटला. मी ओरडले. मावशीने शांतपणे पदराचं टोक पुढे केलं.

"मावशी, पुसू नको! पदराने ओरखडे पडतात."

"एवढा नाजूक हाय तं लगनात कसा टिकते तो?" ती म्हणाली, पण पदर मागे घेतला. दोन्ही कॅमेरे पिशवीत बंद करून ओसरीवर ठेवले आणि काचा आपोआप सुकेपर्यंत आम्ही शेंगा सोलत बसलो. उकडलेल्या शेंगेचं टोक दातात धरून ओढलं की दाणे गरम गरम जिभेवर येतात. पुण्यात मी हे वर्णन करते तेव्हा लोक विनम्रपणे मान डोलावतात. त्यांना शेंग दिल्याशिवाय काही उपयोग नाही.

मी तिला फोटो दाखवले. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिले. "मी हो म्हनतो," ती म्हणाली. "पन एक सांग. हा गेला का मंडळाजवळ काय राह्यते?"

"माणसं राहतात की."

"मानसं तं बसस्टँडवरही राह्यतेत. त्याले मंडळ म्हनतेत का?"

तिने ताटली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "खाय. दुपारी तुले वांग्याची भाजी करतो."

अकोला

शफीकचाचांच्या स्टुडिओचा रंगवलेला पडदा अजून आहे. त्यावर एक तळं आहे, त्यात बदकं. त्यांच्यापुढे अकोल्याच्या किती पिढ्या ताठ बसून गेल्या असतील कोण जाणे. आता तिथे मुख्यतः पासपोर्ट फोटो निघतात. मला पाहून चाचांनी एका गिऱ्हाइकाला अर्ध्या हसण्यावर तसंच सोडलं आणि काउंटरबाहेर आले.

"किती वाळली रे बेटा! पुन्यात जेवाले देत नाहीत का?"

मग त्यांनी मंडळाचा कॅमेरा हातात घेतला. कानाजवळ नेला, शटर दाबलं, डोळे मिटून ऐकलं. "चांगला हाय अजून. बॉडी कायले बदलून राहिली? पयले काच बदल."

त्यांचं म्हणणं असं होतं की मोठ्या तोंडाची लेन्स लावली तर तोच कॅमेरा कितीतरी जास्त उजेड पिईल. त्यांच्याजवळ तशी एक जुनी लेन्स होती. मला ते ऐकून हायसं वाटलं, हे कबूल करायला हवं. बाजाराला शरण न जाता काम भागणार असेल तर माझ्यासारखीला आणखी काय हवं? दिवस मावळायच्या सुमारास आम्ही बाजारात गेलो. हातगाड्यांवर हरभऱ्याच्या जुड्या, बोरं आणि संत्र्यांचे ढीग होते, त्यांच्यावर एकेक दिवा लोंबत होता. संत्रीवाल्याला विचारून मी फोटो काढला. सुंदर आला. डोळ्यातली चमकसुद्धा.

"पाह्य! म्हटलं नव्हतं?" चाचा खूश झाले.

मग बाजारातून घरी निघालेल्या बायांना आम्ही विचारलं. त्या चालत होत्या, बोलत होत्या, एकमेकींच्या मागेपुढे होत होत्या. फोटोत एकीचं नाक स्पष्ट आलं, तिचाच कान पुसट. बाकीच्या पीठ मळल्यासारख्या एकजीव. मी पुन्हा काढला, पुन्हा तेच. चाचांनीही काढून पाहिला. त्यांचाही तसाच आला, तेव्हा ते कॅमेऱ्यावर नाही, लेन्सवर नाही, माझ्यावर चिडले.

"एकटीचा काढ ना मंग! एकटीचा तं मस्त निंगते."

"चाचा, एकटी कोणी जातच नाही. मला घोळकाच हवाय."

चाचांनी मैत्रिणीचा कॅमेरा मागून घेतला, चार पावलं पुढे जाऊन त्याच बायांचा एक फोटो घेतला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला. घोळका होता, प्रत्येकीच्या चेहऱ्यासकट.

"खल्लास," चाचा म्हणाले. "बदल. माहं हो."

त्यांच्या घरी रात्री मंडळाच्या जुन्या फोटोंचा अल्बम निघाला. जेवण, जेवण आणि जेवण. चाचा एकेका फोटोवर बोट ठेवून काय खाल्लं ते सांगत होते. ही पंगत झुनक्याची. ही आंबाडीच्या भाजीची. कारण फोटो काढू द्यायच्या आधी बाया पत्रकवाल्यांना घास घ्यायला लावायच्या. पोट न भरता मंडळ कधी परत आलंच नाही. एका फोटोत मीही आहे, फ्रॉकमध्ये, ठेच्याने लाल झालेलं तोंड उघडून रडतेय, आणि एक बाई मला पाणी पाजता पाजता हसतेय. पुण्यात फोटो काढला की लोक विचारतात, कुठे टाकणार? तिथे विचारायचे, जेवली का? मी तो फोटो कितीतरी वेळ मांडीवर ठेवून बसले. तो कॅमेरा विकायला निघालेली मीच होते.

पातूर

दादारावकाका स्टँडवर आले होते. उंच, सरळ, पांढऱ्या मिशा. ते कोरडवाहू शेती करतात आणि कुठल्याही गोष्टीला आधी 'नाही' म्हणतात. लहानपणी मी त्यांना नमस्कार केला की म्हणायचे, "नाही, पाया पडाचं नाही." ते मला घरी न नेता सरळ लेण्यांकडे घेऊन गेले. पातूरची लेणी गावाजवळच्या टेकडीत आहेत, आणि बाहेर लख्ख ऊन असलं तरी आत पाय ठेवताच अंधार अंगावर येतो.

"काढ इथं," काका म्हणाले. "होऊन जाऊ दे परीक्षा."

मी मैत्रिणीच्या कॅमेऱ्याने काढला. भिंतीवरचे छिन्नीचे घाव एकेक मोजता येतील असे दिसत होते. काकांनी पडद्यावर पाहिलं, मग भिंतीला हात लावून पाहिलं, मग पुन्हा पडद्यावर.

"चांगला हाय कॅमेरा."

"म्हणजे हो?"

"मी कॅमेऱ्याले चांगलं म्हटलं."

दुपारनंतर बाबा आणि सुमनमावशी अमरावतीहून आले. शफीकचाचा अकोल्याहून. काकांच्या वावरात बांधाजवळ गोवऱ्यांचा हार, म्हणजे रचलेला ढीग, पेटवून त्यात रोडगे भाजायला टाकले होते. रोडगा म्हणजे कणकेचा गोळा, निखाऱ्यात भाजून, राख झटकून, फोडून तुपात बुडवायचा. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. चौघं सतरंजीवर बसले, आणि मी पाहत राहिले. बाबांनी मफलर सारखा केला. मावशीने मांडी घातली. चाचांनी खिशातून पेन काढलं, लिहायला कागद नसताना. कोणीही न सांगता ते आपापल्या जुन्या जागी बसले होते, मधे आता नसलेल्या माणसांची जागा सोडून.

मी बोलले. रेल्वेतलं भाषण विसरले होते, तेव्हा कांताबाईचा फोटो दाखवला, मला घोळकाच का हवा ते आणि आणखी जे वाटलं ते सांगितलं. बाबांनी हो म्हटलं. मावशीने हो म्हटलं. चाचांनी हो म्हटलं.

"नाही," दादारावकाका म्हणाले.

"काहून नाही?" बाबांचा आवाज चढला.

"दुपारी फोटो काढत होतो तवा आपल्याले त्या दिसत होत्या, अन् त्यायले आपन. अंधारात हिले त्या दिसतीन. त्यायले ही दिसन का? आपला चेहरा कसा निंगून राह्यला, हे तिले कसं समजन?"

"मी विचारते काका, प्रत्येकीला!"

"विचारतं, पन कायले हो म्हनून राह्यली हे तिले दिसत नाही ना, बाई."

"मग त्यांची वाट कोणाला कधीच दिसायची नाही?" मी उभीच राहिले. "उजेडात घडतं तेवढंच छापायचं? आयुष्यभर पंगतीच छापायच्या?"

"बस खाली," मावशी मला म्हणाली, आणि मग काकांना, "दादाराव, फोटो काढल्यावर उजेडात तिले दाखवाचा. पाहून हो म्हटलं तं ठेवाचा, नाही म्हटलं तं पुसाचा. मंग?"

काकांनी मिशीवरून हात फिरवला. "हे चालते," ते म्हणाले.

"म्हणजे हो?"

"थांब ना. नवा कोनाचा राह्यन?"

सगळे एकदम निखाऱ्यांकडे बघायला लागले. तेव्हा मला कळलं की बाबांना हे अमरावतीतच ठाऊक होतं, मावशीला तिवस्यात, चाचांना बाजारात. फक्त विचारायचं कोणी, हे ठरलेलं नव्हतं.

"माझा," मी म्हटलं.

"मंग सरळ सांग ना, का मंडळ बंद कराले आलो म्हनून. आमी त्याले बी हो म्हनू. पन कॅमेऱ्याच्या नावानं कायले?"

काकांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी सामुदायिक मालकीवर लेख लिहिले आहेत. पुण्यात त्यांना टाळ्या पडतात. आणि इथे माझा जीव एका कॅमेऱ्यासाठी घाबरा झाला होता, कारण मंडळाचा म्हणजे काय हे त्या सतरंजीवरच्या लोकांखेरीज फक्त मलाच माहीत होतं. मंडळाचा म्हणजे कोणीही मागितला की द्यायचा. मंडळाचा म्हणजे त्याच्या फोटोंची पुस्तिकाही मंडळाची, आणि तिचा शब्द न् शब्द या चौघांच्या संमतीने. एकदा एका पत्रकात 'विनंती' लिहायचं की 'मागणी' यावर हे लोक अख्खा हिवाळा भांडले होते. मी सतरंजीवर झोपायचे, उठायचे, आणि भांडण तिथेच असायचं. मोठी झाल्यावर मी पुण्याला पळाले त्याचं एक कारण हेही होतं, की तिथे माझं वाक्य मी एकटी पुरं करू शकेन. तशी वाक्यं पुरी केलीही. पुष्कळ केली. त्यांच्याशी कोणी भांडलं नाही, कारण कोणाला त्यांचं एवढं पडलेलंच नव्हतं.

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दामच.

"मंडळाचा," मी म्हटलं. "नवा मंडळाचा राहील. मलाही मंडळात घ्या."

"हो," दादारावकाका लगेच म्हणाले, आणि निखाऱ्यातून एक रोडगा काठीने बाहेर ओढला. "कॅमेऱ्याले हो, अन् तुले बी हो." बाकीच्यांनीही हो म्हटलं. बाबांनी सगळ्यांत शेवटी, आणि घसा खाकरून. चाचांनी मंडळाचा कॅमेरा बदलून आणायला म्हणून उचलून आपल्या पिशवीत ठेवला, वर आपला रुमाल पसरला. मी दुसरीकडे पाहिलं.

"चाल मंग," काका रोडगा फोडत म्हणाले. "पुस्तिका मंडळाची झाली. वाच पयलं वाक्य."

"आत्ता?"

"आता नाही तं कवा?"

मी मोबाइलवर काढलं आणि वाचलं. "'कापूस वेचायला जाणाऱ्या बाईचा दिवस अंधारात सुरू होतो आणि अंधारात संपतो.'"

चाचा म्हणाले, "मस्त हाय."

"कायचं मस्त?" मावशी म्हणाली. "दिवस संपते कुठी? घरी जाऊन सयपाक कोन करते, तू?"

"'बाई' एकवचनी काहून?" बाबा म्हणाले. "तूच तं घोळका म्हनत होती. 'बायांचा' पाहिजे."

"नाही," काका म्हणाले. "कोन्त्या बायांचा? गाव लिव्हा, नाव लिव्हा. कांताबाई नाव हाय ना तिले, मंग 'बाई' कायले?"

"पहिल्याच वाक्यात नाव? काका, अहो, वाक्याला काही लय असते की नाही?" मी ओरडले.

"लय आमाले नोको शिकवू. नाव पाहिजे."

"नाव छापाचं तं तिले पुन्हा विचारा लागन," मावशी म्हणाली.

"मंग विचारा ना! एकट्या सुमननं नाही, सर्व्यायनं जाऊन!" काका म्हणाले.

"कोन कोन जाईन तिवस्याले?" चाचांनी विचारलं.

"मी काहून जाऊ, माहे गुडघे पाह्य!" बाबा म्हणाले.

आता सगळे एकदम बोलत होते. बाबांनी मफलर सोडला होता. चाचा पेनाने हवेत वाक्य लिहून दाखवत होते, काका ते हवेतच खोडत होते, आणि माझा आवाज त्या सगळ्यांच्या वर चढला होता. सूर्य मावळून गेला होता, रोडगे गार होत होते, कोणाचंच लक्ष नव्हतं. बांधापलीकडच्या रस्त्याने वेचणीहून परतणाऱ्या बाया चालल्या होत्या. दिसत नव्हत्या, पण त्यांचं बोलणं एकदम थांबलेलं कळलं. मग त्यांतली एक अंधारातून मोठ्याने म्हणाली, "काय व्हो दादाराव, कायचं भांडन चालू हाय एवढं?"

काकांनी तोंडाशी हात नेला आणि सगळ्या वावरात ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "भांडन नाही व माय, बैठक हाय!"